वाळूच्या बादलीतले संत

माझ्या फाटकातून संशयास्पद डाससुद्धा आत जाणार नाही, असं मी अबानूबला सांगितलं तेव्हा तो हसला नाही. नुसता माझ्या गळ्यातल्या शिट्टीकडे बघत राहिला. अबानूब आमच्या चर्चच्या सुरक्षा पथकाचा प्रमुख. कॉलेजात जातो आणि चालताना खांदे असे धरतो, जणू इजिप्तमधलं आमचं सगळं मिन्या शहर त्यानेच उचलून धरलंय! मुलींनी फाटकावर उभं राहणं त्याला मुळीच मान्य नव्हतं. पण बायकांच्या पर्स मुलांनी कशा तपासायच्या? म्हणून आमच्या पाद्रीबाबांनी, अबूना सारुफीमनी, आम्हा पाच जणींना बायकांचं बाजूचं फाटक दिलं.

"सणाचा एक दिवस," अबानूब म्हणाला. "गडबड झाली की परत चहाचे ट्रे."

दोन वर्षं आम्ही चहाचे ट्रे फिरवले होते. मरेन पण ट्रे धरणार नाही, असं मी मनाशी ठरवलं.

सकाळपासून मी जीव तोडून संशय घेतला. एक तान्हं बाळ जरा जास्तच शांत होतं. त्याचं दुपटं तपासलं, मग ते शांत राहिलं नाही. आम्हा ख्रिश्चनांच्या मनगटावर लहानपणीच क्रॉस गोंदतात, तो प्रत्येकीला दाखवायला लावला. एकीचा फारच ताजा वाटला म्हणून ओला बोळा घासून पाहिला. आमच्याच इमारतीतली तांत नग्वा, सगळ्यांची मावशी, पर्स छातीशी धरून उभी राहिली.

"तुझे लंगोट बदललेत मी, फिब्रोनिया. तू माझी पर्स उघडणार?"

तिने काही पर्स उघडली नाही. मी तिच्या नावापुढे मनातल्या मनात फुली मारली.

आता मुख्य फाटकाचं सांगते. त्या दिवशी वाळवंटातल्या मठातून आमच्या शहीद संतांचे अवशेष येणार होते. लाल मखमलीत गुंडाळलेली लाकडी नळी, तिच्यात खुद्द ते! मठाची गाडी येणार, गालिचा अंथरलेला, झांजा घेऊन गायक उभे. गाडी गल्लीत वळली की एक लांब शिट्टी, आणि शिट्टी ऐकली की गायकांनी स्तोत्र सुरू करायचं. आमच्या प्रशिक्षणात मात्र एक लांब शिट्टी म्हणजे धोका, अंगण रिकामं करा. हे दोन्ही नियम अबानूबचेच, एवढं इथे नमूद करते.

आणि माझ्या फाटकाशी एक टुकटुक रिक्षा थांबली.

तिच्यातून एक म्हातारी नन उतरली. ननला आम्ही तमाव म्हणतो, म्हणजे आई. पण या तमावच्या पायात स्पोर्ट्स शूज होते! अंगभर धूळ, मनगटावरचा क्रॉस इतका पुसट की शाईचा डाग वाटावा. आणि कुशीत खताच्या गोणपाटात बांधलेलं काहीतरी लांबट. वर चिकटपट्टीचे वेढेच वेढे.

"तमाव, यात काय आहे?"

"ते अबूनाच्याच हातात देईन," ती पुटपुटली. "उघडायचं नाही. हलवायचं नाही. जमिनीवर तर अजिबात ठेवायचं नाही."

प्रशिक्षणात धोकादायक वस्तूबद्दल शब्द न् शब्द हेच शिकवलं होतं! त्यात तिला फोन करायचा होता, म्हणे गाडी वाटेत बंद पडली आणि ड्रायव्हर तिथेच अडकलाय. कुठली गाडी, हे मी विचारायला हवं होतं. पण तिने ते गाठोडं माझ्याच हातात दिलं.

"दोन्ही हातांनी धर, पोरी. आणि मनात प्रार्थना म्हण."

प्रार्थना तर मी म्हणतच होते, धावता धावता! मागच्या अंगणात आगीसाठी ठेवलेली वाळूची बादली असते. संशयित वस्तू वाळूत, हा नियम. गाठोडं मी बादलीत उभं खुपसलं, वर आणखी दोन ओंजळी वाळू टाकली आणि फुप्फुसं फाटेस्तोवर शिट्टी फुंकली.

मग जे झालं ते असं. अंगणातल्या बायका पोरं काखोटीला मारून मुख्य फाटकाकडे पळाल्या. मुख्य फाटकातले गायक झांजा बडवत, संत आले, संत आले म्हणत आत घुसले. दोन्ही लाटा बरोबर गालिच्यावर आपटल्या. कुणीतरी घंटा वाजवली. एक झांज घरंगळत माझ्या पायाशी येऊन पडली. या सगळ्यातून अबूना शांतपणे वाट काढत आले आणि त्यांना ती नन दिसली. तिच्या हातात नुसता फोन होता.

"तमाव, संत कुठे आहेत?"

तिने माझ्याकडे बोट दाखवलं. मी बादलीकडे.

अबूनांनी वाळू हातांनी बाजूला केली, गोणपाट सोडलं, मखमलीवर फुंकर मारली आणि तिचं चुंबन घेतलं. अबानूब माझ्यामागे येऊन उभा होता. "ट्रे स्वयंपाकघरात आहेत," तो हळूच म्हणाला.

बाकी चौघींनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वाळूमुळे, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं.

"अबानूब," अबूना म्हणाले, "मागच्या रविवारी तुझ्या फाटकातून बकरी आत आली. शेवटच्या आशीर्वादापर्यंत थांबली. या मुलीने संतांनाही ओळख पटल्याशिवाय सोडलं नाही. फाटक मुलींकडेच राहील."

अबानूबचे खांदे पहिल्यांदाच खाली आलेले पाहिले!

पण गोष्ट इथे संपली असती तर मी किती छान दिसले असते. संत ज्या वाळूत विसावले ती बायका कशाला सोडतात? संध्याकाळपर्यंत रुमालारुमालाने बादली रिकामी. आगीसाठी ती भरलेली हवीच, म्हणून मी शेजारच्या बांधकामावरून घमेलंभर वाळू मागून आणली. तीही गेली. तांत नग्वाला मी खरं सांगितलं, की मावशी, ही साधी बांधकामाची वाळू आहे. तिने डोळे बारीक केले.

"खरी वाळू तू घरी नेलीस वाटतं."

आता दर शुक्रवारी, सुट्टीच्या प्रार्थनेला, ती येताना स्वतःहून पर्स उघडून दाखवते. आणि जाताना, सगळ्यांदेखत, फाटकावर माझी झडती घेते.