बाबूभाईचा मोठा टाका

"अजी, टाका बारीक करा," सुलतानानं तिसऱ्यांदा सांगितलं आणि बाबूभाईनं तिसऱ्यांदा ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

मशीनवर लाल चमकदार सॅटिन सळसळत होतं. अकरा चड्ड्या शिवायच्या होत्या आणि फुटबॉलची फायनल उद्या दुपारवर आली होती. बरं, बाबूभाई नुसता टेलर असता तर गोष्ट वेगळी. तो त्या चड्ड्या घालणाऱ्या टीमचा कोचही होता.

नागभीडला स्टेशनजवळ त्याचं दुकान. दिवाळी झाली की झाडीपट्टीतल्या नाटक कंपन्यांचे कपडे शिवायचे, हा त्याचा वीस वर्षांचा धंदा. आणि नाटकाच्या शिलाईची रीतच निराळी. राजाला दोन मिनिटांत भिकारी व्हायचं असतं. अशा वेळी गुंड्या काढत कोण बसणार? म्हणून अंगरखा असा शिवायचा, की विंगेत एक दोरा ओढला की शिवण सर्रकन उघडली पाहिजे. त्यासाठी टाका मोठा. बाबूभाईच्या मशीनवरचा टाक्याचा काटा वीस वर्षांत त्या मोठ्या आकड्यावरून हलला नव्हता.

"नाटकातला राजा कधी उघडा पडलेला पाह्यला काय तू?" तो म्हणाला.

"राजा सिंहासनावर बसून राह्यते. हे पोट्टे पळतेत."

"वीस वर्सं झाली मले ह्या मशीनवर!"

"तेच तर सांगून राह्यली मी."

सुलतानाची स्वतःची मशीन आत, माजघरात. मोहल्ल्यातल्या बायांचे ब्लाऊज ती शिवायची, आणि टाका इतका बारीक की भिंग लावून पाहावं. फायनलसाठी तिनं बाबूभाईला नवी काळी पँट शिवून दिली होती. टेलरची पँट बायको शिवते, ही गोष्ट मात्र बाबूभाईनं बाहेर कोणाला कळू दिली नव्हती. इज्जतीचा प्रश्न होता ना!

आणि उद्या तर इज्जतीच्याही वरचा मामला होता. फायनलला पाहुणे म्हणून आश्रमशाळेचे मुख्याध्यापक कोडापे सर येणार होते. सरांना जूनसाठी दोनशे गणवेश शिवणारा टेलर हवा होता. ते काम मिळालं की कंपन्यांच्या मागं पेट्या घेऊन गावोगाव हिंडणं बंद. बाबूभाईचे गुडघे आता एसटीच्या पायऱ्यांनाच वैतागले होते. उद्या लाल चड्ड्या मैदानात चमकतील, सर मान वळवून विचारतील, "हे कोणी शिवलं हो?" एवढ्या एका वाक्यावर त्याचा सारा जीव अडकला होता.

टीम होती तळ्याकाठच्या गावची, वाघोबा क्रीडा मंडळ. तळ्यात जाळी टाकून मासोळ्या धरणारी पोरं ही, पायात दम आणि डोक्यात घाई. बाबूभाईची कोचिंग एका शब्दाची होती : "पुढी!" म्हणजे पुढं पळा. बॉल आपल्याकडे आला, पुढी. दुसऱ्याकडे गेला, तरी पुढी. मागं कोण राहील, असं एकदा टीममधल्या चैतूनं विचारलं होतं, त्यावर बाबूभाई म्हणाला होता, "मागं तळं आहे ना बे!" चार गोल खायचे आणि सहा मारायचे, असं करत करत पोरं फायनलला येऊन पोचली होती. समोर चामोर्शीची टीम, सगळे उंचपुरे. पहिलं बक्षीस बोकड.

धान कापून झालेली शेताची बांधी सपाट करून मैदान केलेलं. एका गोलमागं तळ्याची पाळ, तिकडं कोणी नाही. दुसऱ्या गोलमागं मंडप, खुर्च्या, पाहुणे, बाया, सगळं गाव. गोलांना जुनी मासोळीची जाळी बांधलेली. माईकवर नाटक कंपनीचाच माणूस होता, त्याला साधं बोलताच येत नसे. "रसिकहो! लाल वेशातले हे अकरा वीर पाहा!" तो ओरडला. बाबूभाईनं मंडपाकडं पाहिलं. कोडापे सर खरंच पाहत होते. बाबूभाईच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

बाराव्या मिनिटाला कॅप्टन अमर बॉल घेऊन सुटला. "पुढी! पुढी!" बाबूभाई रेषेवरून पळत होता. मंडपासमोरच्या गोलाजवळ अमरनं असा काही पाय उचलला, की बॉल जाळ्यात, जाळं बांबूसकट थरथरलं आणि त्याच क्षणी एक आवाज आला. सर्र.

तो फाटल्याचा आवाज नव्हता. शिवण उघडल्याचा होता. नाटकात त्या आवाजावर टाळ्या पडतात, पण इथं बाबूभाईची नजर आधी मंडपाकडं, कोडापे सरांवर गेली.

अमर जागच्या जागी खांब झाला. गोल मारून न नाचणारा खेळाडू गावानं पहिल्यांदाच पाहिला. "काय नम्रता आहे, रसिकहो!" माईकवाला गहिवरला. तेवढ्यात मुखरूनं आनंदानं उडी मारून अमरच्या कमरेला मिठी घातली. पुन्हा सर्र. आता मुखरूही नम्र झाला.

बाबूभाईनं आयुष्यात पहिल्यांदा तो शब्द उच्चारला. "मागे!"

पोरं एकमेकांकडं पाहू लागली. चैतू म्हणाला, "बाबूभाई, गोल आपण मारला, त्यायनं नाई!"

"मालूम आहे मले! मागे या म्हटलं ना बे! सगळे! अन् पाठ तळ्याकडं करा!"

मग जे झालं ते त्या मुलुखानं कधी पाहिलं नव्हतं. अकराच्या अकरा जण आपल्या गोलसमोर येऊन ओळीनं उभे राहिले. पाय जवळजवळ, पावलं छोटी, तोंडं मैदानाकडं, पाठी तळ्याकडं. चामोर्शीवाले एकदम गोंधळले. त्यांनी तयारी केली होती ती आडव्यातिडव्या पळणाऱ्या पोरांची. ही भिंत कुठून आली? मारलेला बॉल कोणाच्या तरी नडगीवर आपटून परत यायचा. बॉल परत आला तरी त्याच्या मागं पळायला एकही लाल चड्डी पुढं सरकत नव्हती.

मंडळाचे अध्यक्ष इस्तारीभाऊ मंडपातून तरातरा आले. "बाबूभाई, हे काय लावलं? पोट्ट्यायले कोंडवाड्यात टाकलं काय? लोकं हासून राह्यले!"

"डावपेच आहे, इस्तारीभाऊ."

"कायचा डावपेच? काऊन कोणी पळत नाई?"

"पळाले तर खेळ उघडा पडते," बाबूभाई म्हणाला. आयुष्यात इतकं खरं तो क्वचितच बोलला असेल.

हाफटाइमला पोरं पाळीआड बसली, नव्हे, उभीच राहिली. हिशेब असा निघाला की पाच चड्ड्या पुरत्या उघडल्या होत्या आणि बाकीच्या सहा वाट पाहत होत्या. अमरच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. "बाबूभाई, माही सासुरवाडी आली आहे ना पाह्याले! मैनाची आई पुढच्याच खुर्चीवर बसली आहे!"

बाबूभाईनं घाम पुसायला रुमाल काढावा म्हणून खिशात हात घातला, तर हाताला एक पुडी लागली. सहा सेफ्टी पिना. सुलतानानं न बोलता नव्या पँटच्या खिशात टाकून ठेवल्या होत्या. त्याला एकाच वेळी बायकोचं कौतुक वाटलं आणि तिचा रागही आला. पाच पिना लागल्या, सहावी त्यानं मुठीत धरली.

"आता आयका," तो म्हणाला. "उडी नाई. पाय फाकवाचा नाई. अन् पडाचं तर बिलकूल नाई, पीन टोचंल."

"मग खेळाचं काय?" चैतूनं विचारलं.

"उभं राहा. उभं राह्यल्यानं कोणी मेलं नाई."

पण पंचाची शिट्टी वाजली आणि बाबूभाईच्या ध्यानात आलं की बाजू बदलतात! आता त्यांचा गोल मंडपाकडचा. आता भिंत उभी करायची, तर तिची पाठ थेट कोडापे सर, मैनाची आई आणि गावभरच्या बायांपुढं. बाबूभाईनं डोकं धरलं. पोरांनीच मग आपापली सोय केली. अकरा जणांनी दोन्ही हात मागं नेले आणि शिवण घट्ट मुठीत धरली.

चामोर्शीवाल्यांनी दुसऱ्या हाफमध्ये जीव तोडला. उंच बॉल आले, वाकडे आले, सरळ आले. लाल ओळ डोक्यानं, छातीनं, गुडघ्यानं बॉल अडवत होती, हात मात्र मागंच. गोलकीपर खुशाल तेवढा एक हात वापरत होता, दुसरा त्याचाही मागंच. सुरुवातीला हू करणारं पब्लिक हळूहळू गप्प झालं आणि माईकवाल्याला एकदम साक्षात्कार झाला.

"रसिकहो, हात पाहा! मागं! टीव्हीवर परदेशातले मोठमोठे खेळाडू असेच हात मागं घेतात, बॉल हाताला लागू नये म्हणून! हे शिक्षण कोणी दिलं? आपल्या बाबूभाईंनी!"

टाळ्यांचा नुसता कडकडाट. इस्तारीभाऊंनी आजूबाजूला सांगायला सुरुवात केली, "हा डावपेच आमचा आधीच ठरला होता." बाबूभाई मात्र घड्याळाकडं पाहत होता. शेवटची शिट्टी झाली, एक-शून्य, वाघोबा मंडळ जिंकलं आणि कोणीही उडी मारली नाही.

बक्षीस द्यायला कोडापे सर उठले. डफडं वाजू लागलं. अमर तिरका तिरका चालत मंडपात आला, डावा हात मागं, उजवा पुढं. सरांनी बोकडाची दोरी त्याच्या हातात दिली. बोकड चांगलं धष्टपुष्ट, आणि डफड्याच्या आवाजानं आधीच बिथरलेलं. त्यानं एक हिसका दिला. एका हातानं ते आवरेना. अमरसमोर त्या क्षणी दोनच रस्ते होते, एक तर बोकड सोडायचं, नाही तर चड्डी. मैनाची आई समोर बसली होती. त्यानं बोकड सोडलं.

"धरा! धरा!" सगळा मंडप ओरडला. अकरा विजेते भिंतीसारखे उभे. बोकड त्यांच्या मधून निघून गेलं तरी एकानं हात पुढं केला नाही. पोरांनी घाम गाळून मिळवलेलं बक्षीस तळ्याकडं चाललं होतं, आणि ते कोणामुळं, हे बाबूभाईइतकं कोणालाच माहीत नव्हतं. गुडघे विसरून तो धावला. बांध ओलांडला, पाळीवर ढांगा टाकत चढला, पलीकडं चिखलात पाय घसरून दोन्ही पाय दोन दिशांना गेले, तसाच फाकलेला तो बोकडाच्या मागच्या तंगडीला लोंबकळला. धरलं!

चिखलानं माखून तो मंडपात परतला तेव्हा कोडापे सर त्याला बाजूला घेऊन गेले. त्यांनी पँटकडं निरखून पाहिलं, वाकून शिवण चिमटीत धरली. एक टाका हलला नव्हता.

"हे कोणी शिवलं हो?"

तेच वाक्य! कालपासून ज्याची वाट पाहिली तेच! 'मीच की, सर,' बाबूभाईच्या ओठांवर आलं होतं.

सर हळूच म्हणाले, "सांगा सांगा. लाजू नका. चड्ड्या कोणी शिवल्या, ते मले माहीत आहे. दुसऱ्या हाफले मी तुमच्या पोट्ट्यायच्या मागंच बसलो होतो."

बाबूभाईनं खाली मान घातली. मुठीतली सहावी पीन टोचत होती. "बायकोनं," तो म्हणाला.

जूनच्या दोनशे गणवेशांचं काम सुलतानाच्या नावावर आलं. तिची मशीन माजघरातून दुकानात आली, बाबूभाईची कोपऱ्यात सरकली आणि काज-बटणाचं खातं त्याच्याकडं गेलं. पेट्या घेऊन हिंडणं मात्र खरंच बंद झालं, आणि चहा आता वेळेवर मिळायचा, म्हणून तो फार कुरकुरला नाही.

एका दुपारी दुकानापुढं मोटारसायकल थांबली. चामोर्शीचा कॅप्टन. हातात निळं सॅटिन.

"अमरनं सगळं सांगतलं मले," तो हळू आवाजात म्हणाला. "बाबूभाई, आमचे बी पोट्टे मागे येतच नाईत. किती बोंबला, पुढीच पळतेत. अकरा चड्ड्या पाह्यजेत. तशाच."

सुलतानानं मशीन थांबवली आणि नवऱ्याकडं पाहिलं. तिला हसू आवरत नव्हतं. बाबूभाईनं काज-बटणाचा डबा शांतपणे बाजूला ठेवला, कोपऱ्यातल्या मशीनवरची धूळ पुसली आणि टेप गळ्यात अडकवला.

"मोठा टाका ना?" तो म्हणाला. "या. ते खातं माझं."