मंजुळाबाई अस्वलेंचं जर्मन

एका जंगलात सगळ्यांना सगळं मिळत होतं, म्हणून सगळ्यांना परदेशी जायचं होतं.

हसू नका, बाळांनो. तुमच्या कॉलनीतही असंच एक जंगल आहे. तिथे फक्त झाडं कमी आहेत.

तर या जंगलात मोह होता, करवंदं होती, जागोजागी वारुळं होती. नदीला भर उन्हाळ्यातसुद्धा थोडंफार पाणी असे. पण दोन प्राणी पाणवठ्यावर भेटले की "जेवलात का?" असं कुणी विचारत नसे. विचारत ते एवढंच, "तुमचा मुलगा अजून इथेच?"

या प्रश्नाने मंजुळाबाई अस्वलेंचं काळीज दर वेळी चरकायचं, कारण त्यांचा मुलगा अजून इथेच होता. त्याचं नाव पराक्रम. नाव ठेवलं तेव्हा तो झोपलेला होता आणि तेव्हापासून त्याच्यात फारसा बदल झाला नव्हता. त्याचे वडील दाजीबा. तेही बहुतेक वेळ मोहाच्या झाडाखाली पडून असत, पण त्याला झोप म्हणायचं नाही, विचार म्हणायचं, असा घरात नियम होता.

शेजारच्या गुहेत तरसेवहिनी राहायच्या. तरस मुळातच हसतात. त्यात तरसेवहिनींचा मुलगा जर्मनीत. मग विचारायलाच नको.

"मंजुळावहिनी, आमचा विक्रांत सांगत होता," त्या म्हणायच्या, "तिकडे रस्ता अगदी मोकळा असला, तरी हिरवा दिवा लागल्याशिवाय कुणी ओलांडत नाही. परवा हा कितीतरी वेळ उभा! शेवटी कळलं, दिवाच बिघडला होता."

आणि मग खूप हसायच्या.

मंजुळाबाईंच्या दारात रस्ता नव्हता आणि दिवाही नव्हता. तरी त्या दिवशी वाळवीच्या कोशिंबिरीत त्यांच्या हातून मीठ दोनदा पडलं. पराक्रमला जर्मनीला धाडायचंच, असं त्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

आता जर्मन शिकायचं तर कुठे? त्याची सोय होती. दर हिवाळ्यात जर्मनीहून एक करकोचा या जंगलात येई. उन्हाळाभर तो तिकडे एका घराच्या धुराड्यावर उभा असे. तेवढ्या अनुभवावर त्याने इथे वर्ग काढला होता आणि सगळे त्याला करकोचे सर म्हणत. पिंपळाला पाटी होती : 'जर्मन शिका. स्मरणशक्ती वाढते, शिस्त लागते, नोकरी लागते, लग्न जमते.' आणि खाली बारीक अक्षरांत : 'मध आगाऊ.'

वर्गाला तोबा गर्दी. कोल्हे, नीलगायी, वानरांचं अख्खं कुटुंब. एक कासवही होतं. जर्मनीला पोचेपर्यंत सगळं विसरून जाऊ, अशी त्याला धास्ती होती, म्हणून ते पहिल्या ओळीत बसे.

करकोचे सरांना चूक सहन होत नसे. कुठूनही, कशीही चूक कानावर आली की त्यांची चोच उघडलीच. लांब डोंगरावर कोल्हेकुई चालली असली, तरी ते एका पायावरून मान वर करून म्हणत, "दुसरी कुई चुकली."

पराक्रम वर्गात जायला एका पायावर तयार झाला. त्याने कुठेतरी ऐकलं होतं, की जर्मनीतली अस्वलं थंडीभर सलग झोपतात आणि कुणी त्यांना आळशी म्हणत नाही. आपल्याकडची अस्वलं बिचारी बारा महिने जागी. हा अन्याय त्याला लहानपणापासून खुपत होता.

पण वर्गात जाऊन त्याने जर्मनीची तयारी फारच लवकर सुरू केली. सरांनी मंजुळाबाईंना बोलावून घेतलं.

"बाई, तुमचा मुलगा वर्गात घोरतो."

"लहान आहे हो अजून."

"आणि चुकीचं घोरतो," सर म्हणाले.

तेव्हा असं ठरलं, की मंजुळाबाईंनी त्याच्या शेजारी बसायचं आणि डोळा लागला की कोपर मारायचं. सर म्हणाले, जो बसेल तो मध भरेल. मंजुळाबाईंनी आणखी एक मडकं आणून दिलं.

आता गंमत बघा, बाळांनो. कोपर वेळेवर मारायचं, तर सर काय बोलताहेत याकडे लक्ष हवं. आणि लक्ष दिलं की थोडंफार कळतं. मंजुळाबाईंना कळायला लागलं.

सरांनी सांगितलं, की जर्मनमध्ये दगडाधोंड्यांनासुद्धा लिंग असतं. वानरांनी कपाळाला हात लावला. मंजुळाबाई म्हणाल्या, "आमच्याकडे तरी दुसरं काय? तो दगड, ती काठी, ते वारूळ. त्यात रडायचं काय?"

सरांनी सांगितलं, की कधी कधी वाक्याचा अर्थ अगदी शेवटच्या शब्दाला लागतो, तोवर कान देऊन थांबावं लागतं. नीलगाय रडकुंडीला आली. मंजुळाबाई म्हणाल्या, "दुसऱ्याचं शेवटपर्यंत ऐकून घ्यायची सवय मला लग्नापासून आहे."

खरं सांगायचं तर मंजुळाबाईंना तिथे फार आवडायचं. वर्ग चालू असताना मीठ कुठे ठेवलंय, असं त्यांना कुणी विचारत नसे. कुणी 'पराक्रमची आई' म्हणूनही हाक मारत नसे. सर त्यांना 'फ्राउ अस्वले', म्हणजे अस्वलेबाई, म्हणत. पहिल्यांदा अशी हाक आली, तेव्हा ही कोण नवीन आली म्हणून त्यांनी मागे वळून पाहिलं होतं.

घरी दाजीबा चेष्टा करत. "या वयात धडे गिरवतेस? ती वाळवी करपली बघ." तरसेवहिनी तर हसून हसून लोळायच्या. मंजुळाबाईंनी सरावासाठी घरातल्या सगळ्या डब्यांवर जर्मन नावं लिहून टाकली आणि वाळवी भाजता भाजता ती वाचत बसल्या.

हिवाळे आले, गेले, परीक्षा होत गेल्या. ए-वन झालं, ए-टू झालं, बी-वन झालं. पराक्रमही आईबरोबर पास होत गेला. कसा, ते विचारू नका. कोपर मारूनही तो उठला नाही, की त्याच्या आवाजात मंजुळाबाईच उत्तर देत.

आणि मग एका फाल्गुनात, पळस फुललेला असताना, खुद्द जर्मनीहून फ्राउ ब्राउन आली. ही एक दांडगी भुरी अस्वलीण होती. तिला तिच्या जंगलासाठी एक अस्वल नोकरीला न्यायचं होतं. ती कशी आली, विमानाने की चालत, ते मला माहीत नाही. बोधकथेत तिकिटं बघायची नसतात. नुकतीच थंडीच्या झोपेतून उठलेली असल्यामुळे ती भुकेने इतकी कासावीस होती, की तिने स्वागताचा हारसुद्धा खाल्ला.

सगळं जंगल उंबराखाली जमलं. मंजुळाबाईंनी पराक्रमला नदीत बुचकळून आणला होता. शेजारी त्या स्वतः, कोपर तयार ठेवून. मागे दाजीबा, आणि एका बाजूला एका पायावर करकोचे सर.

फ्राउ ब्राउनने जर्मनमध्ये पहिलाच प्रश्न विचारला, "हिवाळ्यात तुम्ही काय करता?"

पराक्रमला हे वाक्य पाठ होतं. खरं तर एवढंच पाठ होतं. त्याने छाती पुढे काढली आणि एकही चूक न करता सांगितलं, "मी झोपतो."

"झोपायला आम्ही आहोत की," फ्राउ ब्राउन म्हणाली.

मग तिने समजावून सांगितलं. त्यांच्याकडे थंडी पडली की झाडून सगळी अस्वलं झोपतात. पण पिल्लं जन्मतात ती नेमकी तेव्हाच. म्हातारी अस्वलं झोपेत खोकतात, कूस बदलताना बाहेर बर्फात घरंगळतात, काहीबाही बरळतात. कुणीतरी जागं हवं. आणि झोपेत प्रत्येक जण आपल्याच भाषेत बरळतो, म्हणून जागं राहणाऱ्याला जर्मन यायला हवं.

बोलता बोलता तिचं लक्ष मंजुळाबाईंकडे गेलं. "आणि तुम्ही? तुम्ही हिवाळ्यात काय करता?"

"मी जागी असते," मंजुळाबाई म्हणाल्या.

"कधीपासून?"

"हा झाल्यापासून."

फ्राउ ब्राउन जरा पुढे सरकून बसली. "समजा, एखादं म्हातारं अस्वल झोपेत रडायला लागलं, तर?"

"उठवणार नाही. पाठीवर हात ठेवून बसेन. थोड्या वेळाने ते आपलं आपण थांबतं."

"तुम्हाला कसं माहीत?"

"सासूबाई होत्या ना माझ्या."

फ्राउ ब्राउन पुन्हा मागे सरकून बसली. मग म्हणाली, "नोकरी तुमची."

मंजुळाबाईंना जायचं होतं. तिथे उभ्या उभ्या त्यांना कळलं, की आपल्याला जायचंय. आयुष्यात त्यांना कधीच काही इतकं हवंसं वाटलं नव्हतं, अगदी मोहाची पहिली फुलंसुद्धा नाहीत. आणि वाटल्याबरोबर त्यांना लाजही वाटली, कारण त्या मुलासाठी आल्या होत्या.

"तुमच्या यजमानांचं काही म्हणणं?" फ्राउ ब्राउनने विचारलं.

मंजुळाबाईंनी दाजीबांना सगळं सांगितलं. दाजीबा उठले, घसा खाकरला आणि सगळ्या जंगलाला ऐकू जाईल अशा आवाजात बोलायला लागले.

"सांग तिला, आमच्यात बायका अशा घर सोडून जात नाहीत. इथे वाळवी कोण भाजणार? माझे गुडघे कोण चोळणार? नोकरी पराक्रमला द्या म्हणावं. तो तिकडे राहील. त्याला झोप लागली, की तू इथून फोन करून उठवत जा. थंडीभर. तुला नाहीतरी झोप येत नाही. सांग!"

मंजुळाबाईंनी दाजीबांकडे पाहिलं. पराक्रमकडे पाहिलं. तो पुन्हा झोपला होता. फोन करून उठवणं जमेल का, असा त्यांनी क्षणभर विचार केला. आई होत्या, बाळांनो. विचार केलाच त्यांनी.

मग त्या फ्राउ ब्राउनकडे वळल्या आणि जर्मनमध्ये म्हणाल्या, "ते म्हणतात, जा."

"एवढ्या मोठ्या भाषणात एवढंच?"

"आमची भाषा फार लांबलचक आहे," मंजुळाबाई म्हणाल्या.

वर्गातले बाकीचे अजून ए-वनलाच अडकले होते. त्या उंबराखाली दोन्ही भाषा नीट येणारा आणखी एकच जण होता. करकोचे सरांची चोच उघडली. मंजुळाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. सरांनी चोच मिटली. एक पाय खाली ठेवला, दुसरा वर घेतला आणि ते पळसाकडे बघत उभे राहिले. जन्मात पहिल्यांदा सरांनी एक चूक सोडून दिली.

फ्राउ ब्राउनने दाजीबांचा पंजा हातात घेऊन गदागदा हलवला. "डांके! डांके!" म्हणजे आभार. हा एक शब्द दाजीबांना येत होता. त्यांनीही पंजा हलवला आणि सगळ्यांकडे वळून म्हणाले, "बघा, माझ्या एका शब्दात ऐकलं की नाही?"

घरी जाताना वाटेत मंजुळाबाई म्हणाल्या, "अहो, मी जाते आहे. पावसाळा संपला की."

दाजीबा जागच्या जागी थांबले. "अगं पण मी नको म्हणालो होतो!"

"हो. सगळ्यांनी ऐकलं."

"मग तू तिला काय सांगितलंस?"

"तुम्ही हात मिळवलात ना? जर्मनीत हात मिळवला की ठरलं. हवं तर सरांना विचारा."

दाजीबांनी सरांना विचारलं. सर म्हणाले, "हे बरोबर आहे." आणि थंडी संपली होती, म्हणून उडून गेले.

पावसाळा संपल्यावर मंजुळाबाई गेल्या. जाताना रडल्या. पराक्रमला मिठी मारून रडल्या, तेव्हा तो जागा होता. दाजीबांचे गुडघे चोळून दिले. आणि मग एकदाही मागे वळून न बघता चालू लागल्या. तरसेवहिनींचं हसू थांबलं. तरसांमध्ये हा गंभीर आजार मानतात.

तिकडे बर्फ पडला. सगळं जंगल झोपलं. मंजुळाबाई मांडीवर कुणाचंतरी पिल्लू घेऊन एका बिळाच्या तोंडाशी बसलेल्या असायच्या. आतून कुणी म्हातारा झोपेत विचारायचा, "कोण आहे?" त्या हळूच सांगायच्या, "मी आहे, फ्राउ अस्वले." आणि तो पुन्हा गाढ झोपायचा.

इकडून एकदा दाजीबांचा फोन आला.

"अगं, मीठ कुठे आहे?"

"डब्यावर लिहिलंय बघा."

"ते तू जर्मनमध्ये लिहिलंयस!"

"हो का?" मंजुळाबाई म्हणाल्या. "जरा हळू बोला, इथे सगळे झोपलेत." आणि फोन ठेवला.

त्या हिवाळ्यात करकोचे सर परत आले आणि वर्ग भरला. पहिल्या ओळीत कासवाशेजारी दाजीबा. येणाऱ्याजाणाऱ्याला ते सांगत, की मिठासाठी शिकतोय. पण पहिल्याच दिवशी, सगळे गेल्यावर, त्यांनी सरांना हळूच विचारलं, "सर, त्या दिवशी ती नेमकं काय म्हणाली हो?"

सरांनी पाय बदलला.

"ते बी-टूला येतं," ते म्हणाले. "मध आगाऊ."

दाजीबांनी मध आणला. आता ते रोज वर्गाला येतात आणि बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागतो. त्यांना कोपर मारायला शेजारी पराक्रमला बसवलंय. बाप नेमका केव्हा झोपतो हे कळायला हवं, म्हणून बिचाऱ्याला जागं राहावं लागतं. आणि परवा सर काहीतरी म्हणाले, तेव्हा तो एकदम हसला. त्याला कळलं होतं.

तात्पर्य : ज्याला भाषा शिकायला पाठवाल त्याला ती येईलच असं नाही. पण त्याला जागं ठेवायला ज्याला शेजारी बसवाल, तो मात्र हातचा गेलाच समजा. म्हणून ज्यांना घरात मीठ वेळेवर हवंय, अशा शहाण्यांनी वर्गात कुणाचीही झोप मोडू नये.