आप्पांच्या टोमॅटोचे टेकू

आमचे शेजारी आप्पा परसातल्या टोमॅटोला ज्या काठ्यांचे टेकू देतात, त्यांतली एक जरी अखंड राहिली असती तरी परदेशात तिच्या किमतीत जुनी मोटार आली असती. हे खुद्द आप्पाच सांगतात, आणि सांगताना हसत नाहीत.

आप्पा पूल खेळायच्या काठ्या बनवतात. हिरव्या टेबलावर चेंडू मारायच्या. उद्यमनगरातल्या कारखान्यात जन्मभर लेथवर लोखंड कातलं आणि म्हातारपणी लाकूड धरलं. त्यांची काठी एका परदेशी डीलरच्या हाती पडली आणि त्यानं करार केला. सगळा माल त्यालाच, आणि वर्षाला ठरेल तेवढाच. जास्तीची काठी झाली तर कापायची आणि तुकड्यांचा फोटो पाठवायचा.

"अहो, पण चांगली काठी कापायची कशाला?" मी एकदा विचारलं.

"हितं एक जरी सस्तात गेली, तर उद्या ती मोबाइलवर इकायला ईल. मग तिकडं त्येला भाव कोण दील? मिळत न्हाय म्हणून तर म्हाग हाय, पावणं!"

भिंतीला भिंत लागून इतकी वर्षं झाली, तरी मी आपला पावणाच. त्या महागाईतलं आप्पांच्या वाट्याला काय येतं, ते त्यांचं गळकं छप्पर बघून कळतं. पण वाद घातला की एकच पालुपद, "शब्द दिलाय की!"

तरी दरवर्षी एक काठी जास्त व्हायचीच. आप्पा ती कापायचे, फोटोसाठी ठेवणीतली टोपी घालायचे आणि तुकडे टोमॅटोत रोवायचे. एकदा कललेला टेकू सरळ करताना मुठीच्या जागी माझ्या हाताला उंचवटा लागला. "फसली हुती ती," आप्पा म्हणाले आणि आळ्यात पाणी सोडायला गेले.

बापू हे आप्पांचे एकुलते एक दोस्त. दोघं एकाच कारखान्यातले. बापूंचं एक बोट तिथल्या प्रेसमध्ये गेलेलं. रोज संध्याकाळी क्लबातल्या वाकड्या काठ्यांनी दोघं भांडत भांडत खेळायचे. एके दिवशी बापू म्हणाले, "माझ्या हातापरमाणं एक कर की लेका."

"शब्द दिलाय," आप्पा म्हणाले.

बापू उठून गेले. पुढं आप्पा समोरून दिसले, तरी बापू रस्ता ओलांडायचे. आप्पांचा क्लब सुटला.

परवा बापू गेले. पंचगंगेच्या घाटावर चितेच्या शेणी रचून झाल्या होत्या, तेव्हा आप्पा धोतरात गुंडाळलेलं काहीतरी लांब घेऊन आले. आत अख्खी काठी होती. त्यांनी ती बापूंच्या मुठीत दिली, आणि नसलेल्या बोटाच्या जागी त्या टेकूवरच्यासारखाच उंचवटा नेमका बसला. दरवर्षीची जास्तीची काठी कुणाची, ते मला तेव्हा कळलं. मित्रासाठी करायची आणि शब्दासाठी कापायची! मला त्या डीलरचा संताप आला, आणि त्याहून जास्त आप्पांचा.

अग्नी दिला. ज्वाळा चढल्या तसे आप्पा माझ्याजवळ आले.

"पावणं, एक फोटू काढा. तिकडं धाडाय लागंल."

त्यांनी खिशातून टोपी काढली आणि नीट डोक्यावर बसवली. मी फोटो काढला, तो धुरकट आला. आप्पांनी तोच पाठवला.