डॉक्टरकाकांचा डबा

नंदकिशोर कर्णिकांचे ओठ बटाटेवड्याएवढे सुजले होते, तरी गृहस्थ खोटं बोलायचं सोडत नव्हते.

"काका, कोणती गोळी घेतलीत?" नर्सिंग होममधल्या डॉक्टर गार्गीने इंजेक्शन दिलं होतं आणि आता औषधाच्या दुष्परिणामाचा फॉर्म पुढे ओढला होता.

"गोळी? छे! फणस खाल्ला."

"डिसेंबरात?" असं म्हणून त्यांच्या बायकोने, नीलाने, पिशवीतून श्रीखंडाचा डबा काढला आणि टेबलावर आपटला. आत गोळ्याच गोळ्या!

आता तुमच्यापासून काय लपवायचं? कर्णिक बँकेतून रिटायर झालेले, पण मुलुंडच्या त्यांच्या सोसायटीत सगळे त्यांना 'डॉक्टरकाका' म्हणत. घराघरांतल्या उरलेल्या गोळ्या जमवायच्या आणि ज्याचं दुखेल त्याला वाटायच्या, हा बारा वर्षांचा उद्योग. वर सल्ला फुकट. आज स्वतःचा गुडघा धरला म्हणून त्यातलीच एक पिवळी गोळी गिळली, आणि तासाभरात हा अवतार.

"मी पोलिसात देत नाहीये काका. हे वर कळवलं तर पुढच्या माणसाचा त्रास वाचतो. ही पिवळी गोळी आणखी कोणाला दिलीत?"

कर्णिक पांढरेफटक पडले. कालच तर वाटली होती! शेजारच्या दर्शनाला कंबरेसाठी, सेक्रेटरी देवेशला दाढेसाठी, वॉचमन खंडूला उगाच.

"अरे देवा! वाट लागली!" मानपान गेला खड्ड्यात. त्यांनी फोन स्पीकरवर लावला.

"दर्शना, ती पिवळी गोळी घेतलीस?"

"नाही हो काका, कुंडीत टाकली."

"कुंडीत?"

"तुमच्या सगळ्याच टाकते. जास्वंद बघा ना, कसली झकास आलीये!"

देवेश तर हसायलाच लागला. "रागावू नका काका, पण तुमची गोळी कोण खातं? नको म्हटलं तर तुम्हाला वाईट वाटतं ना, म्हणून घेतो."

खंडू मात्र प्रामाणिक. "साहेब, सगळ्या जपून ठेवल्यात. परत आणून देऊ?"

कर्णिक हबकून बायकोकडे वळले. "नीला, तू तरी? परवा तुझं डोकं दुखत होतं..."

"मी मेडिकलमधून आणली," नीला खिडकीबाहेर बघत म्हणाली.

"गोळी घेतलेले इतर लोक, शून्य," गार्गीने लिहून टाकलं. "नशीब!"

"शून्य?" सुजलेल्या ओठांतून कर्णिकांचा आवाज जेमतेम फुटला. "बारा वर्षं गं! एकानेपण नाही?"

"एकाने घेतली ना काका," गार्गी म्हणाली. "त्याचं नाव वर लिहिलंय. सही करा."