शमुवेलकाकांचं पिवळं कार्ड

दर रविवारी संध्याकाळी पाच वाजता शमुवेलकाका अमेरिकेतल्या चर्चच्या पाळकांना पिवळं कार्ड दाखवत. पाळक टेक्ससमध्ये, काका नेदरलँड्समधल्या बाडहूव्हडॉर्पमध्ये आमच्या शेजारी, आणि मधे एक लॅपटॉप.

काका नगरच्या मिशन शाळेतले निवृत्त पीटीचे सर आणि फुटबॉलचे पंच. लेकीकडे तीन महिन्यांसाठी आले आणि लॉकडाऊनमध्ये अडकले. एरवी विमानतळाला खेटलेल्या आमच्या गावात डोक्यावरून विमान जाईपर्यंत बोलणं अर्ध्यावर थांबवायची सवय. त्या उन्हाळ्यात विमानं बंद, वाक्यं पुरी व्हायची. पॉप्लरच्या झाडांचा कापूस बागेत संथपणे उतरत राहायचा आणि आपण जागे आहोत की झोपेत, तेच कळायचं नाही. अशात कुंपणापलीकडून शिट्टी वाजायची.

"फाउल! बॉल खाली ठेवा, पाळकसाहेब!"

चर्च बंद असल्यामुळे काका बागेत बसून ऑनलाइन उपासना बघत. निवडणूक जवळ आली तसे तिकडचे काही पाळक बायबल उघडून उमेदवाराचा प्रचार करायला लागले होते. काकांचे नियम पक्के. "राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना करा, चालेल. गरिबाची बाजू घ्या, उत्तमच. पण वेदीवरून मत मागितलं की शिट्टी!" पिवळं कार्ड चीजच्या खोक्यातून कापलेलं, लाल चहाच्या. लाल निघालं की लॅपटॉपचं झाकण बंद आणि तो पाळक कायमचा मैदानाबाहेर. जूनपर्यंत त्यांनी निम्मी अमेरिका बाहेर काढली होती.

मी आयटीवाला, जन्मात चर्चमध्ये गेलेलो नाही. पण दीड मीटरचं अंतर राखून, कुंपणाशी खुर्ची टाकून, चहा पीत हे सामने मी चुकवत नसे. पडदा काकांकडे, माझ्या वाट्याला नुसता आवाज.

त्यातला एक आवाज मात्र दर रविवारी असायचा. अस्सल अमेरिकन, उमेदवाराचं नाव घेताना वर चढणारा. शिट्टी वाजे, पिवळं निघे, पुन्हा शिट्टी, पुन्हा पिवळं. एकदा मी मोजलंच.

"काका, दोन पिवळी म्हणजे एक लाल ना? याची आज सात झाली."

"पंच कोण आहे? तू की मी?"

मग काय, पक्षपाती पंच म्हणून मी त्यांना आठवडाभर छळलं.

पुढच्या रविवारी त्यांचं वायफाय रुसलं. "मंदार, लवकर ये रे! संपेल ते!" काकांचा एवढा घाबरा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मास्क लावून धावलो, खटपट करून चित्र परत आणलं. निळ्या सुटातला पाळक, मागे क्रॉस, क्रॉसपेक्षा मोठा झेंडा. आणि काकांचंच रुंद कपाळ, काकांचेच पुढे आलेले कान.

"दानिएल," काका म्हणाले. "माझा मोठा मुलगा. कॉलेजपासून तिकडेच. फोनवर एवढंच म्हणालो, वेदी मतं मागायला नसते बाबा. तेव्हापासून फोन उचलत नाही."

आठवडाभराची माझी चेष्टा आठवून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात दानिएलने उमेदवाराचं नाव घेतलं. काकांनी इमानाने पिवळं दाखवलं.

"लाल दाखवलं तर झाकण बंद करावं लागेल," ते हळूच म्हणाले. "मग मला तो दिसणार कुठे?"

उपासना संपत आली. दानिएलने आशीर्वादासाठी दोन्ही हात वर केले. काकांनी गळ्यातली शिट्टी काढून टेबलावर ठेवली, उभे राहिले आणि मुलापुढे मान खाली घातली. त्यांच्या पांढऱ्या केसांवर पॉप्लरचा कापूस येऊन बसला, तरी ते हलले नाहीत.

"आमेन," काका म्हणाले. तिकडे दुपार व्हायला आली होती. दानिएल कागद गोळा करत होता.

"जा," काका पडद्याला म्हणाले, "जेवून घे आता."