एका फ्लॉपीतली लग्नपत्रिका

इंदापुरात एसटी स्टँडमागं माझं लग्नपत्रिका टाइप करून द्यायचं कॉम्प्युटरचं दुकान होतं, आणि सत्त्याण्णव साली तालुक्यात माझ्याइतका हुशार माणूस दुसरा नाही, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. आजही थोडी आहे.

निमगाव केतकीचे सर्जेराव मुलीची, स्वरूपाची लग्नपत्रिका घेऊन आले. नवरा-नवरी चार ओळींत आटोपले. पुढं दोन पानं नुसते निमंत्रक! आजी चेअरमन, माजी चेअरमन, भावी चेअरमन, आणि सगळ्यांचे फोटो. सर्जेरावांना सोसायटीच्या निवडणुकीला उभं राहायचं होतं. कुणाचं नाव कुणाच्या वर, हे ठरवताना त्यांचं वजन घटलं होतं. टाइप झाल्याबरोबर हातानं लिहिलेला कागद त्यांनी माझ्यासमोर जाळला.

"कुनाला खाली सरकवलं ती खाडाखोड दिसती त्यात," ते म्हणाले. "उद्या बारामतीला छापायची, परवा आपल्या बाजारात वाटायची. बाजार हुकला तर मानसं म्हनत्याल, सर्जेरावानं आमाला टाळलं."

पण बारामतीला न्यायची पत्रिका एका फ्लॉपीत मावेना. फोटो कमी करावेत, तर एकेका फोटोमागं एकेक भावकीची मतं. मी म्हटलं, "तात्या, काळजी सोडा."

पुण्याच्या मित्राकडून मी फाईल दाबून लहान करणारी एक लायब्ररी आणली होती. म्हणजे आपल्याहून हुशार माणसांनी लिहून ठेवलेलं तयार कोड. आपण फक्त हाक मारायची. अशी हाक मारणारा प्रोग्राम मी लिहिला. फोल्डरमधली प्रत्येक फाईल उचल, दाब, मूळची पुसून टाक. पुन्हा उलगडायचं कामही त्याच्याकडंच.

"दाबल्यावर नावं मोडायची न्हाईत न्हवं?"

"वेलांटीसुद्धा हलणार नाही."

मी बटण दाबलं. पत्रिका इवलीशी झाली. मी ऐटीत चहा सांगितला, आणि चहा यायच्या आत घोटाळा लक्षात आला. प्रत्येक फाईल म्हणजे प्रत्येक! प्रोग्रामही त्याच फोल्डरमध्ये होता, लायब्ररीही. त्यानं इमानदारीत तिला दाबलं, स्वतःलाही दाबलं, आणि मूळच्या पुसून टाकल्या. किल्ली पेटीत टाकून पेटीला कुलूप लावावं, तसं झालं.

मित्राला फोन केला, तर तो सासुरवाडीला गेलेला. तिथं फोन नाही.

"पत्रिका हाय का न्हाय?" सर्जेरावांनी विचारलं.

"आहे."

"मंग दाव की."

"दिसणार नाही."

ते स्टुलावर बसले. मग आठवून सांगू लागले. "पैलं बापूसाहेब. न्हाय, त्येच्या वर दादासो. का खाली?" त्यांना घाम फुटला. मला तर आधीच फुटला होता.

तेवढ्यात त्यांच्या मंडळी, कौसल्याकाकू, बांगड्यांची खरेदी आटोपून आल्या. सगळं ऐकून म्हणाल्या, "एवढी नावं कशापायी? लिवा, निमंत्रक, समस्त ग्रामस्थ निमगाव केतकी. रुसंल त्येला म्हनावं, तुमी गावातलं न्हाय व्हय?"

दोन पानं एका ओळीत बसली, तीही लायब्ररीशिवाय. पत्रिका छापली, बाजारात वाटली, कुणी रुसलं नाही. सर्जेरावांनी माझी पाठ थोपटली. मीही थोपटू दिली.

लग्नादिवशी मांडवाच्या दारात स्वागताला अख्खा गाव उभा. निमंत्रक म्हटल्यावर कुणी बसायला तयार नाही. आणि निमंत्रकानं निमंत्रण नको का द्यायला? प्रत्येकानं आपापले सोयरे बोलावले होते. निरवांगीहून ट्रॅक्टर भरून आले. दुसऱ्या पंगतीलाच बुंदी संपली.

"उलगडली बया तुजी फाईल," काकू म्हणाल्या, आणि माझ्या हातात आमटीची बादली दिली.

शेवटच्या पंगतीला सर्जेराव आणि मी दोघंच उरलो. पानात भात आणि लिंबाची फोड. मी हळूच म्हटलं, "तात्या, निवडणूक मात्र पक्की."

"कशाची पक्की? ज्यो त्यो म्हनतोय, लगीन आमीच लावलं. मीच समद्यांच्या उपकारात हाय. आता मत कुनाला मागू?"

पुढच्या आठवड्यात मित्र परतला आणि त्यानं फाईल उलगडून दिली. दोन्ही पानं जशीच्या तशी, वेलांटीसुद्धा हललेली नव्हती. ही आनंदाची बातमी द्यायला मी अजून निमगावला गेलेलो नाही.