सपुच्छ शब्दांचे परिपत्रक

आमच्या कार्यालयात इंग्रजी अर्जांचं फ्रेंच भाषांतर होतं. फ्रेंच बोलणाऱ्या देशात ज्यांना जायचं असतं, त्यांचे अर्ज आमच्याकडे येतात, काही काळ मुक्काम करतात आणि फ्रेंच होऊन बाहेर पडतात. माणशी दिवसाला दोनशे शब्द, असा जुना वेग होता. कुणाची तक्रार नव्हती, म्हणजे होती, पण ती इंग्रजीत होती.

एका मंगळवारी साहेबांना शोध लागला. ज्या इंग्रजी नामांच्या शेवटी 'शन' येतं, ती फ्रेंचमध्येही बहुतेक तशीच लिहितात. सिच्युएशन, ऑपरेशन, इन्फर्मेशन. फरक इतकाच की फ्रेंच माणूस शेपटाकडचा भाग नाकातून बोलतो. आणि कागदाला नाक नसतं, ही बाब साहेबांनी टिपणीत स्वतंत्र परिच्छेद करून नोंदवली.

बुधवारी परिपत्रक निघालं. शेवटी 'शन' असलेले शब्द 'सपुच्छ' समजावेत. त्यांचं भाषांतर करू नये, फक्त 'भाषांतरित' असा शिक्का मारावा. उरलेले 'पुच्छहीन' शब्द पुच्छहीन कक्षाकडे पाठवावेत. त्या कक्षात एक टेबल, एक शब्दकोश आणि निवृत्तीला चार महिने राहिलेल्या मावशी. आम्ही अकरा जण सपुच्छ कक्षात, हातात शिक्के.

वेग दोनशेवरून नऊ हजारांवर गेला. वरून शाबासकीचं पत्र आलं. मग साहेबांनी कार्यालयातल्या बोलण्यालाही शिस्त लावली: त्यांच्यासमोर शक्यतो सपुच्छ शब्दच वापरायचे. त्यानंतर त्यांना दुपारी भूक लागेनाशी झाली. इनडायजेशन मात्र नियमित व्हायचं, कारण ते नियमात बसत होतं.

अशातच खिडकीवर एक शिंपीकाका आले. गळ्यात मापाची टेप तशीच लटकत होती. त्यांच्या अर्जात तीन ओळी होत्या: माझी मुलगी तिकडे आहे. पुढच्या महिन्यात तिला बाळ होणार आहे. तिची आई आता नाही, म्हणून मला तिच्याजवळ राहायचं आहे.

मी कागद उजेडात धरून उलटसुलट पाहिला. औषधालासुद्धा शेपूट नव्हतं.

"काका, हा मावशींच्या रांगेत जाणार. चौदा महिने."

"अहो, चौदा महिन्यांत बाळ चालत मला घ्यायला येईल!"

कपाटाआडून मावशी ओरडल्या, "आण रे तो कागद इकडे. पाच मिनिटांचं काम आहे."

"क्रमानेच घ्यावं लागेल, मावशी. परिपत्रक आहे."

"परिपत्रक गेलं खड्ड्यात," असं मावशी म्हणाल्या, पण हळू.

मला काकांची दया आली. माझ्या हातून जे पुढे झालं, ते सगळं त्या दयेतूनच झालं, हे कृपया लक्षात घ्यावं. मी नवा कोरा अर्ज ओढला.

"मुलगी म्हणजे काय लिहू?"

"मुलगी म्हणजे मुलगी!"

"रिलेशन लिहितो. आणि बाळ म्हणजे तिथल्या लोकसंख्येत एकाची भर. पॉप्युलेशन, अॅडिशन."

"तिच्याजवळ बसायचंय मला."

"इन्स्पेक्शन. वजनदार शब्द आहे, काका. आता तिची आई नाही, तिथे सेपरेशन टाकू?"

काका ताडकन म्हणाले, "एकोणतीस वर्षं एका खोलीत दोन मशिनी चालवल्या आम्ही. सेपरेशन कसलं?"

"मग ते वगळू. रकाना तसाही लहानच आहे."

चार मिनिटांत शिक्के पडले. नवव्या दिवशी मंजुरी आली. लोकसंख्या-वाढीच्या तपासणीसाठी येणाऱ्या अधिकाऱ्यास चाळीस मिनिटांची परवानगी. तपासणी तीन मीटर अंतरावरून करावी. संबंधित बाबीस हात लावू नये. परतल्यावर तीन दिवसांत अहवाल द्यावा.

काका गेले आणि आले. मी उत्साहाने विचारलं, "काय मग, झाली का भेट?"

"झाली की. काचेतून. पोरगी म्हणत होती, बाबा, घ्या ना हिला एकदा. शेजारी उभ्या अधिकारी बाईंनी मला घड्याळ दाखवलं. म्हटलं, घेत नाही, नुसतं माप घेऊ द्या, झबलं शिवून पाठवीन. तर म्हणाल्या, माप घेणं तुमच्या अर्जात नाही."

टेप त्यांनी बोटाला गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली. मग अहवालाचा कागद पुढे केला. कंडिशन, ऑब्झर्व्हेशन, डिस्क्रिप्शन असे छापील रकाने होते. पहिले दोन कोरे. तिसऱ्यात त्यांनी आपल्या इंग्रजीत एवढंच लिहिलं होतं: नाक तिच्या आजीचं आहे.

वाक्य पुच्छहीन होतं. मी ते नियमाप्रमाणे पुच्छहीन कक्षात नेऊन ठेवलं. मावशी आदल्याच आठवड्यात निवृत्त झाल्या होत्या. त्यांची जागा भरायची नाही, असं ठरलं आहे. शब्दकोश खिडकी उघडी राहावी म्हणून लावला आहे.

परत आलो तर काका तसेच उभे. काहीतरी बोलायला हवं होतं. मी तीन भाषा शिकलेला माणूस आहे. मी त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणालो, "काँग्रॅच्युलेशन, काका."

काकांनी हात सोडवून घेतला. मग म्हणाले, "हं," आणि गेले.

हसा, जरूर हसा. पण मागच्या वेळी तुमच्या नात्यात बाळ झालं, तेव्हा तुम्ही फोनवर अंगठ्याने काय टाइप करून पाठवलं होतं, ते एकदा उघडून बघा.

बघितलंत? आणा इकडे. शिक्का मारून देतो.